डोळा पाहावयास कसा शिकतो?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वैशाखरे हें आमचें गांव आहे. गांवापुढें थोडें गेलें कीं नाणेघाटाची पायवाट फुटते. सातवाहनांच्या काळीं कल्याण व सोपारा ह्या बंदरांतून निघालेले व्यापाऱ्यांचे तांडे ह्याच वाटेनें जुन्नरकडे चढत. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविण्यांत येणारा दगडी रांजण अजूनहि आहे. हल्लीं सुटीच्या दिवशीं शहरांतील तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून ही चढण चढावयास येतात. त्यांतील कांहीं वाट चुकून आमच्या अंगणांत येतात आणि ‘आजोबा, नाणेघाट कुठला?’ असें विचारतात. आम्ही हात करून दाखवितों. पण एकदां रानांत शिरल्यावर विचारावयास कोणी नसतें. तेथें दगडावर रंगविलेला बाण, मळलेली पाऊलवाट, ओढ्याचा आवाज आणि वर उभा असलेला नानाचा अंगठा ह्या खुणांवरच चालावें लागतें.

आज ज्या विषयावर आम्ही वाचकांशीं चार शब्द बोलणार आहों, त्यांतहि असाच एक प्रवास आहे. फरक इतकाच कीं, हा प्रवासी स्वतः आंधळा असतो, आणि ज्या रानांतून तो जातो तें रान म्हणजे मातेच्या उदरांतील बालकाचें मस्तक होय. हा प्रवासी म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलांतून मेंदूकडे निघालेला मज्जातंतु.

आमचा जन्म शिक्षकीत गेला. आम्ही वैद्य नव्हों किंवा शास्त्रज्ञहि नव्हों. मग हा विषय आमच्या मनांत कां शिरला, हें आधीं सांगितलें पाहिजे. त्यांत आमची एक चूक आहे, आणि ती लपवून दुसऱ्यांस उपदेश करणें आम्हांस शोभणार नाहीं.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हुषार होता, पाढे तोंडपाठ होते. पण चेंडू झेलतांना हमखास चुके, आणि भांड्यांतून पेल्यांत पाणी ओततांना अर्धें बाहेर सांडे. आम्ही त्यास धांदरट म्हणत असूं. त्याचा डावा डोळा किंचित् नाकाकडे वळलेला होता. एके दिवशीं त्याची आई शाळेच्या दारांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘गुरुजी, पोराचा डोळा फिरतो, काय करावं?’ आम्हीं मोठ्या विश्वासानें सांगितलें, ‘वय वाढेल तसा सरळ होईल. थोडा चकणेपणा शुभच असतो.’ ती माउली समाधानानें परत गेली. गांवांत गुरुजींच्या शब्दाला मान असतो. तो मान किती जोखमीचा आहे हें आम्हांस त्या वेळीं उमगलें नाहीं.

पुढें तो मुलगा मोठा होऊन एस. टी.च्या चालकाच्या जागेसाठीं गेला, आणि डोळ्यांच्या तपासणींत नापास होऊन परत आला. डाव्या डोळ्यानें त्यास तक्त्यावरील सर्वांत मोठ्या अक्षरापलीकडे कांहींच वाचतां येईना. डॉक्टरांनीं डोळा आंतून बाहेरून पाहिला; बुबुळ स्वच्छ, भिंग स्वच्छ, दृष्टिपटल निर्दोष. ‘डोळा चांगला आहे, पण मेंदू त्या डोळ्यानें पाहावयास शिकलाच नाहीं, आतां फार उशीर झाला,’ असें त्यांनीं सांगितलें. त्याच्या आईनें आम्हांस बोल लाविला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, ‘तेव्हां दवाखाना तरी कुठं जवळ होता, गुरुजी?’ तिनें आमच्या वतीनें दिलेली ही सबब आम्हांस आजतागायत बोंचते.

निर्दोष डोळा पाहूं शकत नाहीं, ह्याचा अर्थ काय? ह्या एका प्रश्नाचा पाठलाग करतां करतां जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहों.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं डोळ्याचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचीं मंडलें, संधि व पटलें मोजून दिलेलीं आहेत, आणि मोतीबिंदु शलाकेनें बाजूस सारण्याची क्रियाहि वर्णिलेली आहे. आजचा ‘दृष्टिपटल’ हा शब्द त्याच ‘पटल’ शब्दावरून घडविलेला आहे; मात्र त्याचा अर्थ नवा आहे. डोळ्याच्या मागील भिंतीला आंतून लागलेला, सरासरी पाव मिलिमीटर जाडीचा जो पातळ पडदा, त्यास दृष्टिपटल म्हणावयाचें. पडदा म्हटला कीं आपणांस नाटकाचा किंवा सिनेमाचा पडदा आठवतो, ज्यावर चित्र पडतें पण ज्याला स्वतःला कांहीं कळत नाहीं. दृष्टिपटल तसें नव्हे. तो मेंदूचाच एक तुकडा आहे.

हें अलंकारिक बोलणें नव्हे. गर्भ सुमारें चार आठवड्यांचा होतो, तेव्हां मेंदूच्या पुढील भागाला दोन बाजूंस दोन फुगवटे येतात. हे फुगवटे कातडीच्या दिशेनें वाढतात, मग त्यांचा पुढचा भाग आंत दबून पेल्याचा आकार येतो, आणि त्या पेल्याच्या आंतल्या अस्तरापासून दृष्टिपटल तयार होतें. म्हणजे डोळा बाहेरून येऊन मेंदूला जोडला जात नाहीं. मेंदूच जग पाहण्यासाठीं दाराशीं येऊन बसतो.

ह्या पहिल्या पायरीवर आपल्या मुंबईंत महत्त्वाचें काम झालेलें आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. शुभा टोळे ह्या मेंदूच्या घडणीचा अभ्यास करितात. २०१० सालीं त्यांस शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें, आणि २०१४ सालीं इन्फोसिस पारितोषिक. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, अमेरिकेंतील सेथ ब्लॅकशॉ ह्यांच्या साहाय्यानें, २०१३ सालीं उंदराच्या गर्भांवरील एक संशोधन प्रसिद्ध केलें. ‘एल्‌एच्‌एक्स्‌-२’ नांवाचें एक जनुक आहे. तें नसेल तर डोळ्याचा फुगवटा येतो, पण पुढें पेला होत नाहीं, हें आधीं ठाऊक होतें. ह्या मंडळींनीं तें जनुक वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर बंद करून पाहिलें. तेव्हां असें दिसलें कीं, जनुक जितका अधिक काळ चालूं ठेवावें, तितकी डोळ्याची घडण पुढें जाते. आणि ज्या टप्प्यावर तें बंद करावें, तेथें डोळा होऊं घातलेल्या भागांतील कांहीं पेशी मेंदूच्या शेजारच्या भागांचे गुण दाखवूं लागतात. तात्पर्य, ‘तूं डोळा हो’ एवढें एकदां सांगून भागत नाहीं. तें पुनः पुनः सांगत राहावें लागतें. मुलें वाढविणाऱ्या वाचकांस ह्याचें नवल वाटूं नये.

पेला झाल्यावर त्याच्या अस्तरांत पेशी जन्मूं लागतात व त्यांचे थर लागतात. मनुष्याच्या एका डोळ्यांत अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशी सुमारें १२ कोटी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारें ६० लाख असतात. त्यांच्यापुढें मधला थर असतो. त्यांतील पेशी प्रकाशाची वार्ता घेऊन ती निवडतात, तुलना करितात व पुढें देतात. शेवटच्या थरांतील पेशी ती वार्ता मेंदूकडे पाठवितात. त्यांच्या तंतूंची जी जुडी होते, तीच नेत्राची मज्जा. तींत सुमारें १० ते १२ लाख तंतु असतात. गंमत अशी कीं जन्माचा क्रम कामाच्या क्रमाच्या उलट आहे. मेंदूकडे वार्ता नेणाऱ्या पेशी सर्वांत आधीं जन्मतात. दंडपेशींपैकीं बहुतेक, व वार्ता मधल्यामध्यें पोंचविणाऱ्या कित्येक पेशी, मागाहून येतात. पत्र लिहिणारा येण्यापूर्वींच टपालाची वाट तयार होते.

आतां तो तंतु मार्ग कसा शोधतो तें पाहूं. १८९० सालीं स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल ह्या शास्त्रज्ञानें कोंबडीच्या गर्भांतील मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. वाढत्या तंतूच्या टोंकाशीं त्यास पंज्यासारखा पसरट फुगवटा दिसला. त्यानें पाहिलेली पेशी मृत व रंगविलेली होती. तरीहि हें टोंक जिवंतपणीं चालत असलें पाहिजे, असा तर्क त्यानें केला, आणि तो खरा ठरला. काहालला १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जिवंत पेशींत हें टोंक बोटांसारखे बारीक धागे पुढें काढतें, चांचपतें, धरतें, सोडतें. धागा जेथें पक्का धरतो, त्या बाजूस टोंक ओढलें जातें आणि मागें तंतु लांबत जातो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत अर्णब घोष ह्यांच्या प्रयोगशाळेनें २०१६ सालीं कोंबडीच्या गर्भांतील पाठीच्या कण्याच्या मज्जापेशींवर असें दाखविलें कीं, ‘फॉर्मिन-२’ नांवाचें प्रथिन कमी केलें तर ह्या बोटांच्या अग्रांची पकड टिकत नाहीं आणि तंतु वाट चुकतात. घाट चढतांना पायाची पकड सुटली तर काय होतें, हें आमच्या गांवच्या लोकांस निराळें सांगावयास नको.

पण पकड असली तरी दिशा कोण सांगतो? १९४३ च्या सुमारास अमेरिकेंत रॉजर स्पेरी ह्यांनीं ह्याचें उत्तर बेडकासारख्या प्राण्यांवर शोधिलें. ह्या प्राण्यांची नेत्रमज्जा तोडली तरी पुनः वाढते. मनुष्याची वाढत नाहीं. स्पेरींनीं मज्जा तोडून डोळा खोबणींत उलटा फिरवून बसविला. तंतु पुनः वाढले, दृष्टि परत आली. पण माशी वर असली कीं बेडूक जीभ खालीं टाकी, आणि कितीहि उपाशी राहिला तरी तो तें सुधारीना. म्हणजे प्रत्येक तंतु आपल्या जुन्याच ठिकाणीं जाऊन पोंचला होता. १९६३ सालीं स्पेरींनीं असें मत मांडलें कीं प्रत्येक तंतूवर रासायनिक खूण असते व मेंदूंत तिला जुळणाऱ्या खुणा मांडलेल्या असतात. १९९५ सालीं अशा खुणा प्रत्यक्ष सांपडल्या. त्यांस ‘एफ्रिन’ म्हणतात. त्या तंतूला ‘इकडे येऊं नको’ असें सांगतात, आणि त्यांचें प्रमाण मेंदूच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू वाढत जातें. त्यावरून तंतु आपली जागा ओळखतो. दृष्टिपटलाच्या आंतहि अशीच ओळख चालते. २००२ सालीं मासाहितो यामागाता व जोशुआ सेन्स ह्यांनीं कोंबडीच्या दृष्टिपटलांत अशीं प्रथिनें शोधिलीं कीं, ज्या पेशींवर एकच प्रथिन असतें त्या एकाच पातळ थरांत परस्परांशीं जुळतात. पंक्तीला पाट मांडलेले असावेत आणि ज्यानें त्यानें आपल्या पाटावर बसावें, तसें हें होय.

येथवर वाचून कोणाच्या मनांत येईल कीं, हें सारें आधींच ठरलेलें आहे, मग शिकावयाचें राहिलें काय? परंतु निसर्ग हिशेबाला इतका नेटका नाहीं. गर्भ १६-१७ आठवड्यांचा असतां त्याच्या नेत्रमज्जेंत सुमारें ३७ लाख तंतु असतात. पुढें त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाहींसे होतात. भाताचें रोप दाट टाकावें आणि मग जोमदार तेवढें लावणीस घ्यावें, तशी ही रीत आहे. कोणता तंतु राहावा व कोणती जोडणी पक्की व्हावी, हें पुष्कळसें वापरावरून ठरतें.

आणि हा वापर जन्मापूर्वींच सुरू होतो. १९९१ सालीं कार्ला शॅट्झ, मार्कस माइस्टर, रेचेल वाँग व डेनिस बेलर ह्यांनीं फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याचीं नवजात पिलें व मांजरीचे गर्भ घेऊन त्यांचीं दृष्टिपटलें तपासलीं. त्या वयांत प्रकाश टिपण्याची यंत्रणा तयार झालेली नसते. तरीहि तळ्यावर लाट सरकावी तशी विद्युत्-स्पंदनांची लाट दृष्टिपटलावरून सरकते, थांबते, पुनः दुसरीकडून उठते, असें त्यांस आढळलें. शेजारच्या पेशी एकदम बोलतात, दूरच्या निरनिराळ्या वेळीं. त्यावरून मेंदूला शेजारी कोण व दूरचा कोण हें कळतें. पूर्वीं पाठशाळेंतील विद्यार्थी पहाटेच्या अंधारांत पोथी न उघडतां संथा घोकीत असत. उजाडल्यावर पोथी उघडली कीं ओळख पटे. डोळाहि पहिला किरण पाहण्यापूर्वीं अंधारांत अशीच संथा घोकतो.

परंतु अंधारांतील संथेनें विद्या पुरी होत नाहीं. १९६३ सालीं डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल ह्यांनीं मांजराच्या लहान पिलाच्या एका डोळ्याच्या पापण्या कांहीं आठवडे शिवून ठेविल्या. टांके काढल्यावर डोळा निर्दोष होता. पण मेंदूंतील पाहणाऱ्या पेशी त्या डोळ्याच्या हाकेला जवळजवळ ओ देईनात. उघड्या राहिलेल्या डोळ्यानें त्याची जागा बळकाविली होती. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा असाच मिटून ठेविला, तेव्हां कांहींच बिघडलें नाहीं. म्हणजे शिकण्याचा एक काळ असतो. तो टळला कीं पुढें कितीहि प्रकाश दिला तरी उपयोग थोडा. ह्यूबेल, वीझेल व पूर्वीं सांगितलेले स्पेरी ह्या तिघांस १९८१ सालीं एकत्रच नोबेल पारितोषिक मिळालें.

हें वाचलें त्या दिवशीं आमच्या त्या विद्यार्थ्याचा डोळा आम्हांस समजला. त्याचा डावा डोळा वळलेला असल्यामुळें दोन डोळ्यांचीं दोन चित्रें जुळत ना. मेंदूनें गोंधळ टाळण्यासाठीं एका चित्राकडे दुर्लक्ष केलें, आणि दुर्लक्ष करतां करतां त्या डोळ्याच्या वाटा मोडल्या. दोन डोळे मिळून अंतर अजमावतात. तें नसल्यामुळें चेंडू हुके व पाणी सांडे. तो धांदरट नव्हता. वर्गांत नीट पाहत नव्हतों तें आम्ही.

ह्यावरून गृहस्थाश्रमी वाचकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत मधूनमधून फिरले तर तें स्वाभाविक असतें. परंतु त्यानंतरहि डोळा वळलेला राहिला, किंवा आरंभापासून सतत एकाच बाजूस वळलेला असला, तर तो नेत्रवैद्यास दाखवावा. बाहुलींत पांढरट झांक दिसली, किंवा फोटोंत एका डोळ्याची बाहुली पांढरी आली, तर एक दिवसहि दवडूं नये. तो जन्मजात मोतीबिंदु असूं शकतो किंवा त्याहून भयंकर असा दृष्टिपटलाचा कर्करोगहि. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या कांहीं आठवड्यांतच करणें हिताचें असतें. ‘मोठा झाल्यावर करूं’ हें त्या बाबतींत खोटें शहाणपण ठरतें. चौतीस आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या, किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलांतील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. त्याचें दृष्टिपटल जन्मानंतर तीस दिवसांच्या आंत तपासून घ्यावें. मूल तीन-चार वर्षांचें झालें कीं त्याचा एकेक डोळा हातानें झांकून पाहावा. एक डोळा झांकला असतां मूल हसत खेळत राहतें आणि दुसरा झांकला कीं रडतें व हात झिडकारतें, असें झालें तर ओळखावें कीं पहिला डोळा कामाचा नाहीं. आतां ग्रामीण भागांतहि सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येऊन मुलांची तपासणी करितात. त्या दिवशीं मुलांस घरीं ठेवूं नये.

उपाय साधा आहे. गरज असल्यास चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी. म्हणजे मेंदूला दुबळ्या डोळ्याचें ऐकणें भाग पडतें. सात वर्षांच्या आंत ह्याचा गुण उत्तम येतो. पुढें तो कमी होत जातो.

साधा म्हटला तरी तो घरांत किती कठीण असतो, हें आम्हांस आतां ठाऊक आहे. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलीचा डोळा वळतो असें अंगणवाडींतील तपासणींत निघालें. घरांत मोठी चर्चा झाली. आमच्या वहिनी म्हणाल्या, ‘आमच्या माहेरीं अशा दोन मुली होत्या, दोघींचीं लग्नें चांगलीं झालीं.’ ह्या वेळीं आम्हीं तोंड उघडलें. त्या विद्यार्थ्याची हकीकत सर्वांच्या देखत सांगितली. ती तोंवर आम्हीं घरीं कोणास सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशीं पुतण्या व सूनबाई मुलीला घेऊन कल्याणला डॉक्टरांकडे गेलीं.

तेव्हांपासून रोज दुपारीं दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लागते. पहिले पंधरा दिवस ती फार रडली. ‘आजोबा, मला दिसत नाही, काढा ना,’ म्हणून ती हात जोडी, तेव्हां वहिनींचे डोळे भरून येत आणि आमचाहि धीर सुटे. मग वहिनींनींच युक्ति काढली. पट्टी लागली कीं त्या तिला परातींतील तांदळांतून खडे वेंचावयास बसवितात, नाहीं तर पारिजातकाचीं फुलें ओंवावयास सुई-दोरा देतात. आम्ही शेजारीं बसून बाराखडीचें पुस्तक धरतों. आरंभीं तिला ‘क’ आणि ‘फ’ ह्यांतील भेद दिसत नसे.

आमचा तो विद्यार्थी आतां भातशेती करतो. एके दुपारीं कांहीं कामासाठीं तो अंगणांत आला आणि पट्टी लावून फुलें ओंवणाऱ्या मुलीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘गुरुजी, माझ्या दोन्ही पोरांचे डोळे मी ती वर्षाचीं होण्याआधींच दाखवून आणले.’ आम्ही कांहीं बोललों नाहीं. तो खालीं बसला आणि परडींतील एकेक फूल उचलून त्या मुलीच्या हातीं देऊं लागला.

गेल्या महिन्याच्या तपासणींत तिनें त्या डोळ्यानें तक्त्यावरील पांचवी ओळ वाचली.